भाऊंचा उजवा पाय

"हा कसला गो पायाळू! ह्याचा डोका पयला आला. पायाळू मी हाय."

मी जिन्यात थबकले. खाली मागच्या दारी आमच्या घरमालकांची थोरली बहीण मासळीवालीच्या टोपलीसमोर उकिडवी बसली होती. त्यांना सगळे आक्का म्हणत. बांगड्याचे कल्ले उघडून बघता बघता आक्कांनी हे वाक्य इतक्या सहज टाकलं, की जणू बांगडा शिळा आहे एवढंच त्या सांगत होत्या. मासळीवाली तोंडाला पदर लावून हसत सुटली.

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो. कमरेत उसण भरली की अशा माणसाचा पाय तिथे लावून घ्यायचा, मग उसण उतरते, असं आमच्याकडे अजून मानतात. आणि आमचे घरमालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते रत्नागिरीच्या आमच्या त्या टोकाचे मानलेले पायाळू होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दुसरं ते काहीच नव्हते.

"रडायचा गो," आक्का पुढे सांगत होत्या. "लोकं पायाळू पोर मागायला यायची, मी जायची. मला खाऊ मिळायचा. हा पायरीवर बसून भोकाड पसरायचा, मला पण पायाळू व्हायचाय म्हणून. मंग मी जरा मोठी झाले. आई म्हणाली, पोरीच्या जातीनं कुणाला पाय लावायचा नाय, बरा दिसत नाय. त्यात पायाळूवर वीज पडते म्हणतात, उद्या हिला करील कोण? मंग दिला त्याला. घे, आजपासून तू पायाळू."

डब्यातला शेवटचा लाडू धाकट्याच्या हातावर ठेवावा, तसं.

मग आक्कांची नजर वर गेली आणि त्यांना मी दिसले. त्या मुळीच दचकल्या नाहीत.

"ऐकलंस काय? ऱ्हावंदे. त्येला पण ठाव हाय. तू काय कुणाला सांगायची नायस." आणि मासळीवालीकडे वळून म्हणाल्या, "ही बोलते तरी कुठं?"

खरं होतं ते. आईने शिलाई मशीन चालवून मला इंग्रजी माध्यमात घातलं. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, आळीत इंग्रजी शब्द निघाला की पोरं चिडवायची. त्यातून मी जो मार्ग काढला तो गप्प बसण्याचा. त्याचा एक फायदा असा, की गप्प माणसासमोर लोक काहीही बोलतात आणि काहीही करतात. भाऊंना मी ज्या बारकाईने पाहिलं, त्या बारकाईने त्यांना पाहणारं दुसरं कुणी नसेल. आता आम्ही ती जागा सोडली आहे, तरी तो पाय मला अजून डोळे मिटून काढून दाखवता येईल.

पाय उजवा. त्यावर तपकिरी लोकरीचा मोजा असायचा. डावा पाय बारा महिने उघडा, भेगाळलेला, रबरी स्लीपरमध्ये; उजव्याचे मात्र लाड. रोज अंघोळीनंतर त्याला खोबरेल तेल लागे. कुणी नमस्काराला वाकलं की भाऊ डावा पाय मागे घेत आणि उजवा पुढे करत, नवरदेव पुढे करावा तसा. देवळात शिरतानाही तो मोजा निघत नसे. पुजाऱ्यांनी एकदा हटकलं, तर भाऊ म्हणाले, "गुरव, ह्या पायाला उघड्यावर ठेवला तर त्याचा गुण उडून जाईल. अत्तर आहे ते."

भाऊंकडे एक जुनी स्कूटर होती. तिला किक उजव्या पायाने मारावी लागते. त्यामुळे रोज सकाळी भाऊ फाटकाशी स्कूटर धरून उभे राहात आणि रस्त्याने जाईल त्याला हाक मारत. कधी दूधवाला, कधी शाळेत निघालेला मास्तर. जयगडच्या ऑफिसला जायची माझी बस चुकत असली तरी, "मॅडम, एवढी एक किक द्या हो!" मला ते मॅडमच म्हणत, त्यात इंग्रजी शाळेला एक चिमटा असे. ड्रेस सावरत मी किक मारायची आणि भाऊ म्हणायचे, "जमलं की! कॉन्व्हेंटात शिकवतात वाटतं." त्या स्कूटरचा मागचा ब्रेकही उजव्या पायाखालीच होता. तो त्यांनी कधी दाबला नाही. उतारावर ते तोंडाने "ओ, ओ, ओ" करत यायचे आणि लोक बाजूला व्हायचे. त्यालाही ते मानच समजत.

पुण्याचे पाहुणे म्हणतात, रत्नागिरीत कसली आलीय थंडी. पौषात एकदा आमच्या त्या घरात झोपून बघा म्हणावं. चिऱ्याच्या भिंती रात्रभर गारवा पिऊन बसतात, पहाटे खाडीवरून वारा सुटतो, फरशीवर पाय टेकवत नाही. अशा सकाळी बागायतदार कलमांखाली जाऊन मोहोर बघतात आणि खूष होतात. भाऊंचंही तसंच होतं. गच्चीवर जाऊन ते दोन्ही हात पसरून हवा घेत आणि खाली येऊन आक्कांना सांगत, "आक्का, पडली गो थंडी. आता धरतील बघ कंबरा."

आणि कंबरा धरायच्या. ओणव्याने भांडी घासणाऱ्या, होडीवर जाळी ओढणारे, दिवसभर दुकानात बसणारे, रविवारी सकाळी सगळे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हजर. भाऊ माकडटोपी घालून पायरीवर खुर्ची टाकून बसत. आधी व्याख्यान. ते ऐकल्याशिवाय पाय मिळत नसे.

"कंबर म्हणजे काय? बिजागरी! दार केवढं का असेना, बिजागरी गंजली की संपलं. बॅक इज द बॅकबोन ऑफ बॉडी. बरोबर ना, मॅडम?"

वर गॅलरीत कपडे वाळत घालणारी मी मान हलवायची. कशाला हलवायची, कोण जाणे. मान हलवली की ते लवकर सोडून देत, एवढंच.

मग एकेकाने चटईवर पालथं पडायचं. भाऊ मोजा काढत. तो काढणं हा एक सोहळाच असे: आधी अंगठ्याकडून सैल करायचा, मग टाचेकडून, मग झटकून खांद्यावर टाकायचा. एका हाताने कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब धरून ते पाय उचलत, डोळे मिटत, ओठ हलवत. एकदा गॅलरीतून मला ऐकू आलं ते काय पुटपुटतात ते. आठवड्याचे वार म्हणत होते.

पैसे घेत नाही, हे ते इतक्या मोठ्याने सांगत की देणाऱ्याला लाज वाटावी. पण ज्याची उसण उतरे तो दुसऱ्या दिवशी भाऊंच्या कौलांवर चढलेला दिसे, किंवा त्यांच्या विहिरीचा गाळ काढताना. ज्याची उतरत नसे त्याला ते विचारत, "विश्वास ठेवलास का?" आता याला माणूस काय उत्तर देणार? ठेवला होता म्हणावं तर कंबर खोटं पाडते. म्हणून तो गप्प बसे आणि भाऊ इतरांकडे बघून म्हणत, "तरी म्हटलं!"

एका थंडीत त्यांच्या मुंबईच्या पुतण्याची कंबर धरली. भाऊंनी मला खाली बोलावलं. व्हिडिओ कॉल लावायचा होता. तिकडे पुतण्या पलंगावर पालथा पडला, त्याच्या बायकोने फोन त्याच्या कमरेवर उताणा ठेवला. इकडे भाऊंनी माझा फोन पायरीवर ठेवायला लावला आणि मोजा काढला.

"भाऊ, काच फुटेल," मी म्हणाले. बारीक आवाजात.

"फुटत नाही. मी भार विश्वासाचा देतो, वजनाचा नाही."

त्यांनी पाय ठेवला आणि कॉल कट झाला. अंगठ्याचा लाल बटणावर दाब पडला असणार. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा त्यांची टाच बाजूला सरकली आणि पुतण्याच्या कमरेवर आमच्या खळ्यातलं आभाळ उमटलं. पलीकडून सूनबाईंचा आवाज आला, "काका, ह्यांनी मघाशीच गरम पाण्याची पिशवी घेतलीय, जरा बरं वाटतंय." भाऊंनी मोजा घातला आणि माझ्याकडे विजयाने बघितलं. "बघितलंत? मुंबईपर्यंत लागला." माझ्या फोनच्या काचेला पुढे कितीतरी दिवस खोबऱ्याचा वास येत होता.

इथवर मी हसू शकत होते. मनातल्या मनात का होईना, रोज हसत होते. पण मग एक रिक्षावाला आला. वाकडा होऊन, पण स्वतःच्या पायांनी आला होता. त्या दिवशी खळ्यात गर्दी होती आणि गर्दी बघून भाऊंना जोर चढे. विश्वासाचा भार सोडून त्यांनी वजनाचाच दिला, दुसरा पायही जमिनीवरून उचलला. मी गॅलरीतून तो माणूस ओरडलेला ऐकला. त्याला उचलून नेलं, त्याच्याच रिक्षेत, मागच्या सीटवर आडवा घालून. किती तरी दिवस तो अंथरुणावर होता. त्याची बायको भांडायला आली तर भाऊ म्हणाले, "माझा पाय चुकत नाही, वहिनी. त्याचा विश्वास कमी पडला." आणि ती बिचारी घरी जाऊन नवऱ्यावरच चिडली असेल, याची मला खात्री आहे.

माझी आई त्या दिवशी चटईच्या रांगेत तिसरी होती. घाबरून घरी येईल असं मला वाटलं. आली, पण म्हणाली काय, "केवढा जोर आहे गो भाऊंच्या पायात!"

आईची कंबर मशीनवर गेली. ब्लाउज शिवायला वाकून बसायचं, तेही संध्याकाळी उजेड कमी झाला की अजून पुढे वाकून. बाबा मुंबईला, ते शिमग्याला आणि गणपतीला येणार. बाकीचं वर्ष मशीन आणि आई. थंडी पडली की सकाळी तिला अंथरुणातून उठवत नसे. आधी कुशीवर वळायची, मग भिंत धरायची, मग थोडा वेळ तशीच ओणवी उभी राहायची, काहीतरी खाली पडलंय आणि ती शोधतेय अशी. मी विचारलं की म्हणायची, "काय नाय, अंग आंबलंय."

मागच्या थंडीत मी तिला ओढून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघितलं, फोटो काढला. तिथल्या एका मुलीने व्यायाम शिकवले. अवघड काहीच नव्हतं. सकाळी उठायच्या आधी कमरेला शेक द्यायचा. उताणं पडून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. मशीनवर बसलं की मधे मधे उठून खोलीत चक्कर मारायची. गार फरशीवर बसायचं नाही. आणि वाकून नाही, गुडघ्यात बसून उचलायचं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच?"

पण करायला लागली. दार लावून, पडदा ओढून, मला पाठ करून उभं राहायला सांगून. आठवडाभरात ती सकाळी भिंत न धरता उठली. मला तेव्हा एवढा आनंद झाला की मी ऑफिसात कुणालाही न सांगता दिवसभर हसत होते.

आणि एका सकाळी भाऊ पाण्याच्या मोटारीचं काहीतरी सांगायला वर आले. दार वाजवायची त्यांना सवय नव्हती. घर त्यांचं होतं ना. आई गुडघे पोटाशी धरून उताणी पडलेली. भाऊ दारात उभे राहून पोट धरून हसले.

"काय हो वहिनी, झुरळ उलटं पडल्यासारखं! हे मॅडमनी शिकवलं वाटतं?"

दुपारपर्यंत ते सगळ्या आळीला माहीत झालं होतं. भाऊंनी खळ्यात चटईवर पडून नक्कलही करून दाखवली म्हणे, उजवा पाय मात्र न हलवता. आईने त्या दिवशी व्यायाम सोडला. शेकाची पिशवीही कपाटावर गेली. मी किती समजावलं. ती म्हणायची, "नको बाय. ह्या वयात हसं नको."

भाऊंबद्दल मला तोवर कंटाळा होता, थोडी गंमत होती. त्या दिवसापासून मात्र मी त्यांना नीट, ठरवून तुच्छ मानायला लागले. दुसऱ्याची लाज त्यांना मातीमोल वाटत होती, आणि स्वतःचा मान बहिणीचा होता. लहानपणी रडून घेतलेला. किक मारताना मी त्यांच्या मोज्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हा आक्कांचा आहे.

पण बोलले नाही. आक्का विधवा, नाटे गावाहून थंडीपुरत्या भावाकडे यायच्या. सुकलेल्या कोकमासारख्या बारीक. दिवसभर काही ना काही निवडत, भाजत बसलेल्या. भाऊ रविवारी पाय लावायला उभे राहिले की त्या पायरीवरून बघत आणि मधेच हळूच हसत. त्यांचं त्यांनी सोडून दिलं होतं. मी कोण ते उकरणारी?

यंदा आईच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. कमरेपासून खाली, पोटरीपर्यंत. डॉक्टर या वेळी गंभीर झाले. म्हणाले, औषध घ्या, शेक द्या, व्यायाम मी सांगतो तेवढेच करा, आणि कमरेवर कुणालाही काही दाबू देऊ नका. कुणालाही. पाय बधिर वाटला तर लगेच इकडे या.

घरी येताना मी म्हटलं, "ऐकलंस ना? भाऊंकडे जायचं नाही."

"डॉक्टर काय पायाळू आहे?"

"आई, तो रिक्षावाला आठव."

"लग्नाचे ब्लाउज पडलेत गो. मला अशी पडून राहायला सवड आहे काय? पायाळूचा पाय लागला की एका दिवसात मोकळं होतं. भाऊंचा नको तर दुसरा पायाळू आण. आणतेस?"

दुसरी पायाळू तेव्हा खाली पडवीत बसून कुळीथ भाजत होती. वास वरपर्यंत येत होता. मी काहीच बोलले नाही. आईने ते माझं कबूल होणं मानलं असावं.

रविवारी सकाळी मी दूध आणायला गेले. जाताना आई झोपली होती, निदान डोळे तरी मिटलेले होते. परत आले तर खळ्यात नेहमीची मंडळी, माकडटोपी, पायरीवर सूप घेऊन आक्का, आणि चटईवर पालथी माझी आई. पदर नीट खोचलेला, तोंड माझ्या विरुद्ध बाजूला. मला बघायला लागू नये म्हणूनच तिने ते तिकडे केलं होतं.

भाऊ मोजा काढत होते. अंगठ्याकडून, मग टाचेकडून.

"हळू हां भाऊ," आई चटईतून म्हणाली. "पायाला जरा मुंग्या येतात."

"हळू? उसण काय पाहुणी आहे वहिनी, हळूच निरोप द्यायला? मुंग्या तर मी एका दणक्यात पळवतो." लोक हसले. भाऊंना जोर चढला. ते माझ्याकडे वळले. "काय मॅडम? तुमच्या डॉक्टरने हात टेकले ना शेवटी? या, पुढे या, नीट बघा. हे काही झुरळ नाही."

पुन्हा लोक हसले. आईची पाठ चटईवर आक्रसलेली मला दिसली. भाऊंनी मोजा झटकून खांद्यावर टाकला, खांब धरला, डोळे मिटले आणि पाय उचलला. ओठ हलायला लागले. सोमवार, मंगळवार.

मी दुधाची पिशवी खाली ठेवली. चटईच्या आणि त्या पायाच्या मधे जाऊन उभी राहिले. जवळून तो पाय अगदीच साधा होता, तेलकट आणि सुरकुतलेला. भाऊंनी डोळे उघडले. आक्कांचं सूप थांबलं. एवढ्या माणसांसमोर मी याआधी कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"भाऊ, पाय खाली घ्या. आईला पायाळूचाच लागतो ना, मग आक्कांचा नुसता टेकवू."